शिरूरची छावणी आणि मराठी भाषांतराच्या वाटा

अव्वल इंग्रजीतील मराठी भाषांतरांचा इतिहास मुंबई इलाख्यापुरता सांगावयाचा झाल्यास त्याचा आरंभ बहुधा सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या १८२८ मधील ‘बाळमित्र’ व ‘इसापनीति’ या पुस्तकांपासून केला जातो. ग्रंथसूचीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तथापि छापील पुस्तक ही भाषांतरव्यवहाराची शेवटची पायरी होय. तत्पूर्वी दोन भाषांमध्ये दुभाषी लागतात, शब्दसंग्रह लागतात आणि अर्थ लावण्याची नित्याची सवय लागते. ही पूर्वतयारी कोठे व कोणत्या हेतूने झाली याचा विचार करू लागल्यास अभ्यासकाला मुंबईच्या छापखान्यांतून उठून पुणे जिल्ह्यातील घोड नदीच्या काठी, शिरूरला यावे लागते.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. पुढे या फौजेचे ठाणे शिरूरला पडले. पुण्याहून अहमदनगरास जाणाऱ्या रस्त्यावरील या गावी त्यामुळे लष्करी छावणी उभी राहिली. १८०७ मध्ये या फौजेकडे फार्सी दुभाषी म्हणून व्हान्स केनेडी या तरुण स्कॉटिश अधिकाऱ्याची नेमणूक झाली. दरबारी पत्रव्यवहारात फार्सीचे स्थान अद्याप टिकून होते. म्हणून पेशव्याच्या मुलखातील फौजेला दुभाषी हवा तो फार्सीचा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुण्याचे रेसिडेंट सर बॅरी क्लोज व मुंबईचे रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांच्याशी केनेडीचा परिचय याच काळात वाढला. मॅकिंटॉश हे १८०४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या लिटररी सोसायटीचे अध्यक्ष होते. १८१७ मध्ये केनेडीने या सोसायटीसाठी लिहिलेला निबंध फार्सी वाङ्मयावर होता.

छावणीतील अर्थांतर केवळ कागदोपत्री होत नव्हते. फौजेचे प्रमुख कर्नल वॉलेस १८०९ मध्ये शिरूरला मरण पावले. त्यांच्या थडग्याला आसपासचे गावकरी ‘सत्पुरुषा’चे स्थान मानू लागले व सुगीच्या वेळी तेथे धान्याचा नैवेद्य ठेवू लागले, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये आढळते. परक्या सेनापतीचा अर्थ लोकांनी आपल्या परिचयाच्या शब्दाने लावला. जे नवीन आहे ते ओळखीच्या कोटीत बसवून घेणे हा भाषांतराचाच एक प्रकार होय. मात्र तो छावणीच्या दफ्तरात नव्हे, तर गावाच्या आचारात घडला.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि भाषेची गरज पालटली. आता दरबाराशी बोलावयाचे नव्हते. महसूल, न्याय व शाळा चालवावयाच्या होत्या. विल्यम कॅरीचा मराठी कोश श्रीरामपूरहून १८१० मध्ये मोडी लिपीत निघाला होता. त्यानंतर १८२४ मध्ये केनेडीचा कोश मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात मराठी-इंग्रजी व इंग्रजी-मराठी असे दोन्ही भाग होते. १८३१ मध्ये मोल्सवर्थ व कँडी बंधूंचा मराठी-इंग्रजी कोश आला आणि त्याच्या व्याप्तीपुढे केनेडीचे काम झाकोळले. या सर्व कोशांमागे मराठी शास्त्र्यांचे श्रम होते. परंतु मुखपृष्ठावर नावे आली ती साहेबांचीच. केनेडी पुढे १८३५ पासून १८४६ मध्ये मृत्यू येईपर्यंत सरकारचा प्राच्यभाषांतरकार होता.

येथे या इतिहासातील कळीचा प्रश्न उपस्थित होतो. फार्सीचा दुभाषी मराठीचा कोश करतो, पण तो कोश मराठी व इंग्रजी यांच्यामधील असतो. कोशांनी बांधलेली वाट इंग्रजीकडे जाणारी होती आणि पुढील काळात जगाचे वाङ्मय मराठीत आले ते प्रामुख्याने त्याच वाटेने. ‘बाळमित्रा’चे मूळ बर्कें या फ्रेंच ग्रंथकाराचे; पण छत्र्यांनी ते इंग्रजीवरून घेतले. हरि केशवजी यांचे ‘यात्रिकक्रमण’ (१८४१), महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ (१८६७), कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे ‘रासेलस’ (१८७३) यांची मुळे इंग्रजीच होती, म्हणून तेथे प्रश्न उद्भवत नाही. परंतु १८६१ पासून निघू लागलेल्या अरबी गोष्टीही कृष्णशास्त्र्यांना इंग्रजीवरूनच मराठीत आणाव्या लागल्या. ज्या भाषेत फार्सी-अरबी शब्द शेकडो वर्षे दफ्तरात व बोलण्यात रुळलेले होते, त्या भाषेने पश्चिम आशियातील कथा युरोपला वळसा घालून आणाव्या, हा योगायोग नव्हे. फार्सी ही राज्यकारभाराची भाषा म्हणून मराठीत आली होती. कारभारातील तिचे स्थान जाताच ती शिकण्याचे प्रयोजनही गेले.

फार्सीशी मराठीचा कोशगत व्यवहार जुनाच होता. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी रचलेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी होता. फार्सी ग्रंथ वाचण्यासाठी नव्हे. वाङ्मयाच्या ओढीने फार्सीकडे वळलेला कोश मराठीला मिळण्यास १९२५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांचा ‘फार्सी-मराठी कोश’ प्रसिद्ध झाला. केनेडीच्या कोशानंतर एक शतक लोटले होते. उमर खय्यामच्या रुबायांचा त्यांनी मूळ फार्सीवरून अनुवाद केला आणि ‘द्राक्षकन्या’ मध्ये फिट्झेराल्डच्या इंग्रजी रूपाचाही अनुवाद केला. एकाच कवीकडे जाणाऱ्या दोन वाटा एकाच भाषांतरकाराने चालून दाखविल्या, त्यामुळे मधली भाषा मूळ कृतीचे काय करते हे मराठी वाचकाला प्रथमच समोरासमोर पाहता आले.

दरम्यान शिरूरचे स्थानमाहात्म्य ओसरले होते. १८५८ मध्ये पुण्याहून दिक्सळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. तो भीमाकाठच्या दौंडवरून गेला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाल्यावर अहमदनगराकडील आगगाडीची वाहतूकही दौंडमार्गे होऊ लागली आणि शिरूर लोहमार्गापासून दूर राहिले. भाषांतराचे केंद्र तर त्यापूर्वीच मुंबई-पुण्याच्या शाळा, समित्या व छापखाने यांकडे गेले होते. एका वाटेला महत्त्व आले की दुसरी ओस पडते, हे दळणवळणाप्रमाणेच भाषांनाही लागू आहे. घोड नदी पुढे भीमेला मिळते. शिरूरच्या छावणीतील फार्सीचा प्रवाह मात्र मराठी वाङ्मयाला मिळू शकला नाही.

भाषांतरित ग्रंथांची गणती करताना किती ग्रंथ आले एवढेच पाहून भागत नाही. ते कोणत्या भाषेतून आले आणि ती भाषा शिकण्याची सोय कोणी व कशासाठी केली हेही पाहिले पाहिजे. राज्यकर्त्यांच्या गरजेतून निघालेल्या साधनांवर मराठीने मोठे वाङ्मय उभारले, हे तिचे कर्तृत्व खरे. परंतु जगाकडे पाहण्याची एकच खिडकी पुरेशी आहे असे मानण्याची सवयही त्याच साधनांनी लावली. मूळ भाषांवरून होणारे प्रत्येक मराठी भाषांतर ही सवय मोडत असते. त्याचे ऐतिहासिक मोल ग्रंथाच्या गुणदोषांहून वेगळे मोजावयास हवे.