हॉकर सेंटर: स्वस्त जेवणाचं भाडं कोण भरतं?

आमच्या हॉकर सेंटरमधला डोशाचा गाळा बंद झाला. अण्णा म्हणायचे, "पोरं इंजिनिअर झाली, गाळा कोण घेणार?" म्हणून जरा इतिहास चाळला.

१९७१ ते १९८६ मध्ये सरकारने रस्त्यावरच्या विक्रेत्यांना हॉकर सेंटरांत हलवलं. त्या पहिल्या पिढीला भाडं सवलतीचं. नव्यांना मात्र टेंडर. २०२४ मध्ये मरीन परेडच्या एका गाळ्यासाठी महिना १०,१५८ डॉलरची बोली लागली! जीएसटी १९९४ मध्ये ३% होता, २०२४ मध्ये ९% झाला. डोसा मात्र जुन्याच भावात हवा. त्यात मीही आलोच.

म्हणजे मधला फरक इतकी वर्षं सवलतीचं भाडं आणि अण्णांची मेहनत भरून काढत होती. डोशामागे एक डॉलर जास्त द्यायची आपली तयारी आहे का?