आधी कोण उभा राहिला?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडताना मतदारांचा कौल घेतात. त्याला प्राथमिक निवडणूक म्हणतात. १९६८ सालचा कौल वाचताना मी दरवेळी अडतो. मी तिथला मतदार असतो तर?

व्हिएतनाम युद्ध पेटलेलं होतं. डेमोक्रॅटिक पक्षाचे लिंडन जॉन्सन सत्तेवर होते. त्यांच्याच पक्षाचे सिनेटर युजीन मॅकार्थी युद्धाच्या मुद्द्यावर त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. विद्यार्थी केस कापून, दाढ्या काढून न्यू हॅम्पशायरमध्ये दारोदार फिरले. (हे वाचताना माझा हात आपसूक माझ्या दाढीकडे गेला.) १२ मार्चला मॅकार्थींना सुमारे ४२ टक्के मतं मिळाली. जॉन्सन पुढे राहिले, पण हादरले. चारच दिवसांनी रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले आणि युद्धविरोधक दुभंगले.

आधी जोखीम घेणाऱ्याशी इमान राखायचं, की जिंकू शकेल त्याच्यामागे जायचं? वर्गात विचारलं तर मुलं म्हणाली, "सर, जो आधी आला त्याला." मला ते पटतं. तरी केनेडींमागे कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाचे शेतमजूर होते, म्हणून माझं मत तिकडे झुकतं.

ओरेगॉन मॅकार्थींनी जिंकलं, कॅलिफोर्निया केनेडींनी. निकालाच्या रात्रीच केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये शिकागोत उमेदवारी मिळाली ती ह्युबर्ट हम्फ्री यांना. त्यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढवली नव्हती. बरेचसे प्रतिनिधी तेव्हा पक्षाचे पुढारीच ठरवत. नोव्हेंबरात रिपब्लिकन निक्सन निवडून आले. युद्ध चालूच राहिलं.