मांजराची अंघोळ आणि निगा : किती, कधी आणि कशी

शाळेत ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध तपासताना आम्हांला दरवर्षी एखाद्या तरी वहीत हे वाक्य सापडतं : आम्ही आमच्या मांजराला दर जुम्म्याला अंघोळ घालतो. लिहिणाऱ्या मुलाला ही शाबासकीची गोष्ट वाटते, आणि घरच्या मोठ्यांनाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. मांजर मुसल्ल्यावर येऊन बसतं, पलंगावर झोपतं, मग ते पाक नको का राहायला?

सरळ सांगायचं तर निरोगी, आखूड केसांच्या देशी मांजराला ठराविक दिवसांनी अंघोळ घालण्याची गरजच नसते. कितीतरी मांजरं जन्मभर अंघोळीशिवाय स्वच्छ राहतात. गरज असते ती विंचरण्याची, आणि नेमकी तीच बहुतेक घरांत होत नाही.

आधी पाकीचा प्रश्न मिटवू, कारण अंघोळीचा आग्रह तिथूनच सुरू होतो. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या सूनबाई कबशा यांनी त्यांच्यासाठी वजूचं पाणी ओतलं, तेवढ्यात एक मांजर आलं, तर त्यांनी मांजराला नीट पिता यावं म्हणून भांडंच तिरपं केलं. सूनबाई बघत राहिल्या तेव्हा त्यांनी सांगितलं की मांजर नापाक नाही, ते घरात तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असं रसूलुल्लाह (स.) यांनी फर्मावलं आहे. ही रिवायत इमाम मालिक यांच्या मुवत्तात, अबू दाऊद आणि तिर्मिजीतही आहे. मसलकांत थोडा फरक आहे. शाफई मसलकात मांजराचं उष्टं पाणी पाक. हनफी मसलकात दुसरं पाणी असताना ते वापरणं मकरूह तंजीही. गळालेल्या केसांबद्दल उलट आहे : हनफींकडे केस पाक, तर शाफईंकडे ते नापाक धरले तरी थोड्या केसांना माफी आहे. कोकणातली आपली बहुतेक घरं शाफई आणि घाटावरची हनफी, म्हणून एकाच लग्नघरात दोन मतं ऐकू येतात. आपल्या मसल्याचा तपशील आपल्या आलिमांना विचारावा. मूत कपड्याला लागलं तर कपडा धुवायचा, त्यात वाद नाही. पण अंगाला हात लागला किंवा मुसल्ल्यावर येऊन बसलं, एवढ्यासाठी मांजराला बादलीत बुडवायचं काहीच कारण नाही. मुसल्ला झटकून घडी करून ठेवला की झालं.

मांजराची जीभ हीच त्याची फणी. बोटाला चाटलं की पॉलिश पेपरासारखी खरखर लागते, कारण जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. आपली नखं ज्या द्रव्याची, त्याच केराटिनचे ते बनलेले असतात. त्यांच्या टोकाशी पोकळी असते आणि तीतून लाळ थेट कातडीपर्यंत पोचते, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे मांजर नुसतं चाटत नाही, ते धुतं, विंचरतं आणि उन्हाळ्यात अंग गारही करतं. आपण साबणाने धुतल्यावर त्याच्या अंगाचा स्वतःचा वास जातो, म्हणून अंघोळीनंतर ते तासभर स्वतःला चाटत बसतं. घरात दोन मांजरं असतील तर न धुतलेलं मांजर धुतलेल्यावर फिसकारतं, तेही बहुधा वास बदलल्यामुळेच.

विंचरणं, नखं, कान

देशी मांजराला आठवड्यातून एकदोनदा, पर्शियनला मात्र रोज विंचरावं. मुंब्रा, भिवंडीच्या फ्लॅटांमध्ये हल्ली पर्शियन मांजरं बरीच दिसतात. ती दिसायला गोड, पण त्यांचे लांब केस त्यांच्या जिभेला आवरत नाहीत. काखेत, पोटाखाली, कानामागे आणि मागच्या पायांत जटा होतात. जट कातडी ओढत राहते, खाली ओल कोंडते, जखम होते. जट कात्रीने कापू नये. मांजराची कातडी कागदासारखी पातळ असते, जटेबरोबर वर उचलली जाते आणि कात्रीत येते. बोटांनी थोडी थोडी सोडवावी, वरून फणी फिरवावी. घट्ट बसली असेल तर डॉक्टरकडे मशीनने काढून घ्यावी. उन्हाळा आला म्हणून अख्खं मांजर भादरून आणतात, तेही आम्हांला पटत नाही. केस उन्हापासूनही वाचवतात.

फणी कातडीवर न टोचणारी, बोथट दातांची घ्यावी. केस ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने, मानेपासून शेपटीकडे. पोटाला हात लावला की बरीचशी मांजरं चावतात, तेव्हा पोट शेवटी आणि जमलं तरच. मांजर पेंगत असताना पाच मिनिटं पुरतात. फणीत आलेले केस म्हणजे त्याच्या पोटात न गेलेले केस. मग गाद्यांवर केसांचे गोळे ओकणंही कमी होतं.

नखं पुढच्या पंजांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. पंजा हलकेच दाबला की नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग सोडून फक्त पांढरं टोक कापायचं, गुलाबी भागात रक्त असतं. एका बैठकीत सगळी अठरा व्हायलाच हवीत असं नाही. आज चार, उद्या चार. कानात कापसाची काडी घालू नये. बाहेरचा मळ ओल्या कापसाने पुसावा, आणि आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ दिसत असेल, मांजर सारखं डोकं झटकत असेल, तर ते बहुधा कानातले किडे असतात. त्याला डॉक्टरचंच औषध लागतं. पर्शियनचे डोळे पाझरतात, ते रोज कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने पुसावेत, प्रत्येक डोळ्याला वेगळा कोपरा.

अंघोळ घालावीच लागते तेव्हा

गटारात पडलं, अंगावर तेल, रंग किंवा ग्रीस सांडलं, जुलाबाने मागचा भाग भरला, डॉक्टरांनी औषधी शॅम्पू दिला, किंवा मांजर म्हातारं, लठ्ठ वा आजारी असून स्वतःला साफ करू शकत नाही, अशा वेळी अंघोळ घालावी. रंग, रॉकेल वा इंजिन ऑइल सांडलं असेल तर धुण्याआधीच त्याला टॉवेलात गुंडाळा, म्हणजे ते चाटणार नाही, आणि डॉक्टरला फोन करा. चाटणं हाच खरा धोका असतो.

आदल्या दिवशी नखं कापावीत. अंघोळीआधी विंचरून घ्यावं, कारण भिजलेली जट आणखी आवळते. दुपारची वेळ बरी. बाथरूमचं दार लावून टबात चार बोटं कोमट पाणी आधीच भरून ठेवावं. नळाच्या आवाजानेच मांजर बिथरतं. तळाशी जुना टॉवेल टाकावा. पाय घसरला की मांजर घाबरतं आणि मग आपल्या हातावर चढतं. तान्ह्या बाळाच्या पाण्यासारखं कोपर बुडवून पाणी बघावं. मांजराच्या अंगाचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं, तेव्हा आपल्याला जरासं कोमट वाटेल तेच त्याला ठीक. एकाने धरावं, दुसऱ्याने मगने हळू पाणी घालावं, मानेपासून मागे. डोक्यावर पाणी ओतू नये; तोंड ओल्या फडक्याने पुसावं. शॅम्पू मांजरांचाच, थोडा, पाण्यात विरघळवून. आपल्या कातडीपेक्षा मांजराची कातडी कमी आम्लधर्मी असते, त्यामुळे आपला शॅम्पू, बाळाचा असला तरी, तिला कोरडी करतो. फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा, कारण जे राहील ते त्याच्या पोटात जाणार आहे. मग दोन कोरडे टॉवेल आणि ऊन. मध्येच ते तोंड उघडून धापा टाकू लागलं तर अंघोळ तिथेच थांबवायची, साबण नुसता पुसून घ्यायचा.

पिल्लांना शक्यतो अंघोळ नकोच. ती गारठतात, आणि गारठलेलं पिल्लू वाचवणं कठीण. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करावं.

पाण्यात काय घालू नये

हे आम्ही स्वतः चुकून शिकलो. आमच्या मानोच्या अंगावर पिसवा झाल्या होत्या. घरात कुणाच्या तरी सल्ल्यावरून आम्ही तिच्या अंघोळीच्या पाण्यात ते जंतुनाशक टाकलं, पाण्यात पडताच दुधासारखं पांढरं होतं ते. जखमेला चालतं, मग मांजराला का नाही, असा आमचा हिशोब. संध्याकाळपर्यंत मानोच्या तोंडातून लाळ गळू लागली, जिभेवर फोड आले, तीन दिवस तिने काही खाल्लं नाही. डॉक्टरांनी सलाइन लावलं, मानो वाचली. ते म्हणाले, ते तिने अंगावरून चाटलं. माणसाचं यकृत ज्या मार्गाने अशी द्रव्यं निकामी करतं तो मार्ग मांजरात फार दुबळा असतो. फिनेल, फरशी पुसायची द्रावणं, टी-ट्री तेल आणि लिंबाच्या सालीचं तेल याच कारणाने मांजराला वर्ज्य. ताप आलाय म्हणून पॅरासिटामॉल देतात, ती एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

सगळ्यांत जास्त घात होतो तो पिसवा-गोचिडांच्या औषधाने. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराला त्याने झटके येतात आणि ते मरू शकतं. खेड्यात गुरांच्या गोचिडांचं औषध घरात असतंच, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन नाहीतर अमिट्राझ. त्यातलं थोडं पाण्यात मिसळून मांजराला लावायचा मोह होतो. लावू नका. चुकून लागलं आणि मांजर थरथरू लागलं तर वेळ न घालवता दवाखाना गाठा, आणि बाटली सोबत न्या.

पिसवांसाठी मांजराच्या वजनाप्रमाणे डॉक्टर थेंब देतात, ते मानेच्या मागे जीभ पोचणार नाही तिथे टाकायचे. थेंबांच्या आगेमागे दोन दिवस अंघोळ नको. मात्र नुसतं मांजर बघून भागत नाही. पिसवांची अंडी आणि अळ्या गादीत, सतरंजीत, फरशीच्या भेगांत असतात. मांजराचं अंथरूण कढत पाण्यात धुऊन उन्हात घालणं, रोज कोपरे झाडणं, हे महिनाभर चालू ठेवावं लागतं. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते पिसवांतून आलेल्या फीतकृमीचे तुकडे असतात. जंताचं औषधही घ्यावं.

विंचरताना केस गेलेला गोल, खवल्यांचा डाग दिसला तर लहान मुलांना मांजरापासून दूर ठेवा. तो बुरशीचा नायटा असू शकतो आणि तो मुलांना लागतो. अंघोळ घालताना चावा किंवा ओरखडा बसला तर हळद-तेल न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून रेबीजच्या लसीचं विचारावं. मांजराला दरवर्षी रेबीजची लस दिलेली असली तरी डॉक्टरांना तसं सांगायचं आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा.

मानो आता बारा वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या पाठीवर केस चिकटून तेलकट दिसू लागले. शेजारच्या खाला म्हणाल्या, आता तरी अंघोळ घाला. आम्ही आधी डॉक्टरकडे नेलं. मांजर स्वतःला चाटायचं सोडतं तेव्हा बहुधा काहीतरी दुखत असतं, सांधे, दात नाहीतर किडनी. तिच्या दोन दाढा किडल्या होत्या. त्या काढल्यावर पंधरा दिवसांत ती पुन्हा खिडकीत बसून पाठ चाटू लागली.