पाटण्याचे शहामृग

शहामृग म्हटले की डोळ्यांपुढे आफ्रिका उभी राहते, किंवा फार तर एखादे प्राणिसंग्रहालय. नावही परके. त्यातला 'मृग' हा हरणाचा भाईबंद नव्हे; फारसीत 'मुर्ग' म्हणजे पाखरू. उर्दूत त्याला 'शुतुरमुर्ग', म्हणजे उंटपाखरू, म्हणतात. मराठवाड्यात फारसी शतकानुशतके दरबारी भाषा होती, तेव्हा असला शब्द आमच्याकडे रुळला यात नवल नाही. नवल आहे ते निराळेच. शब्द येण्यापूर्वी कित्येक हजार वर्षे पाखरूच इथे नांदत होते, आणि त्याला हाक मारणाऱ्यांची भाषा त्याच्याबरोबरच बुडाली.

आमच्या शहरातून कन्नडमार्गे औट्रम घाट उतरला की चाळीसगाव लागते. तिथून जवळच, डोंगराच्या कुशीत, पाटणे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापिला, तो इथेच. तसा शिलालेख आहे. गणिताच्या अभिमान्यांना हे गाव ठाऊक असते. पण 1972-73 साली पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केले, तेव्हा हाती आले ते यादवांहून फार जुने: दगडी हत्यारे, आणि त्यांच्यासोबत शहामृगाच्या अंड्यांची कवचे. कार्बन-मापनाने त्यांचे वय सुमारे 25,000 वर्षे ठरले.

त्यांतला एक तुकडा विशेष. त्यावर समांतर रेघा ओढल्या आहेत आणि रेघांमधल्या पट्ट्यांत आडव्या-तिडव्या फुल्यांची जाळी कोरली आहे. भारतात अशी कवचे चाळीसएक ठिकाणी सापडली आणि पुष्कळांवर नक्षी असल्याचे सांगितले गेले. पुढे बारकाईने पाहता त्यांतल्या बहुतेक खुणा निसर्गाच्याच करणीच्या ठरल्या. पाटण्याचा तुकडा मात्र या चाळणीतून उतरला. त्यामागे माणसाचा हात आहे, आणि तो हात घाईत नव्हता. पोटामागे धावणाऱ्याला जाळी कोरायला सवड कुठून? ज्याने ती काढली त्याला आपण रानटी म्हणतो, हे मला तरी पटत नाही.

हे कवच हाताळायला कसे असेल, याची कल्पना करा. जाडी जवळजवळ दोन मिलिमीटर, चिनी मातीसारखे गुळगुळीत. एक अंडे सरासरी दीड किलोच्या आसपास, म्हणजे कोंबडीची दोन डझन अंडी! कालाहारीतले सान लोक रिकामी अंडी पाण्याची भांडी म्हणून वापरीत आले आहेत. आमच्याकडे भीमबेटका येथे वाकणकरांना या कवचाचे मणी मिळाले.

कोणी म्हणेल, ही कवचे बाहेरून आली असतील. इतक्या ठिकाणी आणि इतकी? शिवाय 2017 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी भारतातल्या जुन्या कवचातून डीएनए मिळविला. त्याचे नाते आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळले. म्हणजे हा पक्षी इथलाच रहिवासी होता. अडीच मीटर उंच, उडता न येणारा, पण ताशी सत्तर किलोमीटर धावणारा.

मग तो गेला कुठे? त्या काळी हवा कोरडी होती, गवताची मैदाने दूरवर पसरली होती. पुढे पाऊस वाढला, झाडी दाटली, आणि दूरवर नजर टाकून पळणाऱ्याची पंचाईत झाली. माणूसही अगदी निर्दोष नसावा. शहामृग उघड्या जमिनीवर उथळ खळगा करून अंडी घालतो, कित्येक माद्या एकाच खळग्यात. ज्याला तो सापडला त्याला साऱ्यांचाच ठेवा सापडला. अरबस्तानातला शहामृग तर विसाव्या शतकात बंदूक आणि मोटार यांनी मिळून संपवला. त्याला गवत कमी पडले नव्हते.

सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोकासाठी अभयारण्य केलेले आहे. माळढोक उडतो, एवढाच काय तो फरक. बाकी अंगाने जड, गवतातला, आणि अंडे घालतो तेही उघड्या जमिनीवर, बहुधा एकच. महाराष्ट्रात तो आता क्वचितच दृष्टीस पडतो.