मध्यरात्री आरवलेला कोंबडा

वर्तमानपत्र बातम्यांसाठी वाचायचं असतं हे आपण गृहीतच धरतो. चीनमध्ये शेअर्समध्ये पैसे घालणारी साधी माणसं मात्र एक वर्तमानपत्र सरकारच्या मनात काय आहे ते ओळखण्यासाठी वाचत आली आहेत. त्याचं नाव 'चायना सिक्युरिटीज जर्नल'.

शांघायचा शेअरबाजार डिसेंबर 1990 मध्ये सुरू झाला. ऑगस्ट 1992 मध्ये शेन्झेनला नव्या शेअर्सच्या अर्जांसाठी झुंबड उडाली, अर्ज संपले आणि दंगल झाली. त्याच ऑक्टोबरात बाजारावर देखरेख करणारा आयोग आला आणि जानेवारी 1993 पासून हे पत्र रीतसर निघू लागलं. मालक कोण? सरकारी शिन्हुआ वृत्तसंस्था!

कंपन्यांना आपले अहवाल आयोगाने नेमून दिलेल्या पत्रांतच छापावे लागत (हा नियम 2020 मध्ये सैल झाला). त्या मोजक्या पत्रांत हेही होतं. थोडक्यात, सरकारी नोटीस बोर्डच. तिथे छापून आलं म्हणजे खरंच असणार, असं लोकांना वाटलं तर नवल काय?

मे 2007 मध्ये बाजार जोरात होता. शेअर व्यवहारांवरचं मुद्रांक शुल्क वाढणार अशी कुजबुज सुरू झाली. आर्थिक पत्रांत अर्थखात्याचा इन्कार छापून आला आणि लोक निर्धास्त झाले. काही दिवसांतच, ऐन मध्यरात्री घोषणा झाली: शुल्क 0.1 वरून 0.3 टक्का, 30 मेपासूनच! शांघायचा निर्देशांक त्या दिवशी साडेसहा टक्के पडला आणि 4 जूनपर्यंत सुमारे 15 टक्के. लोकांनी या प्रकाराला नाव दिलं, 'मध्यरात्रीचा कोंबडा'. गाओ युबाओच्या एका कथेत जमीनदार मजुरांना लवकर कामाला जुंपण्यासाठी मध्यरात्री स्वतःच कोंबड्यासारखा आरवतो, त्यावरून.

एवढं होऊनही 6 जुलै 2020 ला 'जर्नल'ने पहिल्या पानावर 'निकोप तेजी' हवी असं लिहिलं आणि निर्देशांक एका दिवसात 5.7 टक्के चढला. 16 जुलैला तोच साडेचार टक्के घसरला.

या लोकांना भोळं म्हणणं मला जमत नाही. नियम करणारं सरकार आणि बातमी छापणाराही सरकारच, मग दुसरं वाचणार तरी काय? कोंबडा खोटा आहे हे त्या मजुरांनाही ठाऊक असेलच की. उठावं मात्र लागतंच.

असो.