हेरल्ड, केटरिंग आणि उसाची मळी

आमच्या धंद्यात 'बिट रॉट' नावाचा एक आजार आहे. पाच वर्षांपूर्वी व्यवस्थित चालणारा प्रोग्रॅम, ज्याला मधल्या काळात कुणी हातही लावलेला नाही, तो एक दिवस चालायचा बंद होतो. कोडची एक ओळही बदललेली नसते. बदललेलं असतं ते आजूबाजूचं: ऑपरेटिंग सिस्टिम, लायब्ररी, सर्व्हरवरची एखादी सेटिंग. नवशिका माणूस प्रोग्रॅम उसवत बसतो. मुरलेला आधी विचारतो, "बाहेर काय बदललं?"

तर मंडळी, हाच आजार गाड्यांनाही होतो. आणि त्याचं मूळ शोधायला गेलं की शंभर वर्षांचा इतिहास निघतो, ज्याचं एक टोक अमेरिकेतल्या ओहायोत आहे आणि दुसरं आपल्या जुन्नर-आंबेगावच्या उसात. (जुन्नरच्या उसात बिबट्या असतो हे सगळ्यांना माहीत आहे. इतिहासही असतो.)

निमित्त झालं एका मित्राच्या मामांच्या गाडीचं. मंचरहून घोडेगावकडे जाताना आत एक वस्ती आहे, तिथल्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड उभी होती. मामांच्या वडिलांनी पुण्यातून सेकंडहँड घेतलेली. २०११ साली शेडमध्ये लावली ती लावलीच. घरात तिला सगळे 'स्पोर्ट्स कार' म्हणतात.

हसू नका, ह्यात थोडं तथ्य आहे. पन्नासच्या दशकापासून आपल्याकडे तयार गाड्यांच्या आयातीवर कडक बंधनं आली आणि मध्यमवर्गासमोर तीनच नावं उरली: अ‍ॅम्बॅसडर, फियाट आणि मद्रासला १९६१ पासून बनणारी हेरल्ड. ही हेरल्ड म्हणजे ब्रिटनच्या ट्रायम्फ हेरल्डची भारतीय आवृत्ती. तिचं डिझाइन इटलीच्या जोव्हान्नी मिकेलॉत्तीचं. ट्रायम्फने १९६२ मध्ये 'स्पिटफायर' ही खरीखुरी स्पोर्ट्स कार आणली, ती हेरल्डचीच चॅसी आखूड करून, आणि डिझायनरही तोच. म्हणजे मामांची गाडी स्पोर्ट्स कारची सख्खी मोठी बहीण! शिवाय हेरल्डचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. चाकावर बसून इंजिनात काम करता येतं. डीबगिंगसाठी इतकी सोयीची गाडी मी दुसरी पाहिलेली नाही.

मामांना गाडी विकायची नव्हती की मिरवायची नव्हती. वय ऐंशीच्या पुढे. "एकदा तिचा आवाज ऐकायचाय," एवढंच म्हणाले. मंचरच्या एका मिस्त्रीला घेऊन आम्ही दोन शनिवार-रविवार तिच्यामागे लागलो.

बरीच वर्षं उभ्या असलेल्या पेट्रोल गाडीला पहिला नियम असा की चावी फिरवायची नाही. सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल सुकलेलं असतं, रिंगा गंजाने धरलेल्या असू शकतात. मिस्त्रीने चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी हँडल घालून हळूच फिरवलं. फिरलं! इंजिन जाम नाही, म्हणजे निम्मी लढाई जिंकली. मग उरतात तीन प्रश्न: करंट आहे का, पेट्रोल पोचतंय का, आणि दोन्ही वेळेवर येतायत का.

इथून इतिहास सुरू होतो, कारण ह्या तीनपैकी पहिल्या प्रश्नामागे एकच माणूस उभा आहे. चार्ल्स केटरिंग, जन्म १८७६, ओहायो. हा गडी आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. तिथे त्याने दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली. गल्ला उघडायला जोर हवा, पण क्षणभरच हवा. त्यामुळे मोटर छोटी चालते, फक्त तेवढ्या क्षणापुरता तिच्यावर जास्त भार टाकायचा. हीच युक्ती वापरून त्याने गाडीचा सेल्फ-स्टार्टर बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. त्याआधी हँडल मारावं लागे, आणि उलटं फिरलेलं हँडल माणसाचं मनगट मोडत असे. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९१० च्या कॅडिलॅकसाठी त्याने बॅटरी, कॉइल आणि सीबी पॉइंट अशी इग्निशनची पद्धत दिली होती. पॉइंट उघडले की कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. मामांच्या हेरल्डमध्ये तीच पद्धत, अर्ध्या शतकानंतर, जवळजवळ जशीच्या तशी.

आणि उभ्या गाडीत आधी मरतात ते केटरिंगचेच भाग. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि ती काही महिन्यांत कामातून जाते. इथे तर चौदा वर्षं. नवी आणली. (जुन्या ब्रिटिश गाड्यांत बरेचदा बॅडीला बॅटरीची धन बाजू जोडलेली असते, ऋण नाही. वायर लावण्याआधी हे बघून घ्यायचंच.) पॉइंटवर ऑक्साइडचा पापुद्रा होता. मिस्त्रीने पॉलिश पेपरने ते साफ केले, पंधरा थाऊची फट ठेवली, प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून सेल्फ मारला. निळी ठिणगी!

पेट्रोलचं काय? टाकीत जे होतं त्याला पेट्रोल म्हणणं धाडसाचं ठरेल. हलके घटक उडून जातात, उरलेल्याचं हवेतल्या ऑक्सिजनने डिंकासारखं काहीतरी होतं. वास जुन्या व्हार्निशचा. टाकी रिकामी केली, कार्बोरेटर उघडून धुतला. मग मिस्त्रीने टाकी आणि पंप दोन्ही बाजूला ठेवले, झाडाला बाटली टांगली आणि तिच्यातून ताजं पेट्रोल थेट कार्बोरेटरला दिलं. ह्याला आम्ही कंपनीत युनिट टेस्ट म्हणतो आणि त्यावर तासभर मीटिंग घेतो. तिसऱ्या सेल्फला गाडी भुरकन चालू झाली. मामा खाटेवरून उठून आले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "आजारी नव्हती रं ती, उपाशी हुती," म्हणाले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. टाकी, पंप, नळ्या परत जोडल्या, ब्रेक बघितले, वस्तीत दोन फेऱ्या झाल्या. आणि सहा आठवड्यांनी फोन: "चालू होईना."

करंट होता. हँडल फिरत होतं. पण कार्बोरेटर उघडला तर जेटमध्ये काळा कचरा, आणि पंपाजवळची जुनी रबरी नळी बोटाने दाबली तर लोण्यासारखी मऊ. मिस्त्री म्हणाला, "दादा, गाडी तीच हाये. पेट्रोल बदललंय."

पेट्रोल एकदा नाही, दोनदा बदललंय. आणि पहिल्या बदलामागे पुन्हा आपले केटरिंगसाहेब!

त्याच्या इग्निशनवर सुरुवातीला एक आरोप झाला होता. ही पद्धत बसवली की इंजिन ठोके देतं, म्हणजे नॉकिंग करतं. दोष खरं तर इंधनाचा होता. तो शोधायला केटरिंगने टॉमस मिजली ह्या तरुण इंजिनिअरला बसवलं. दोन उपाय हाती लागले. एक, पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायचं. दुसरा सापडला डिसेंबर १९२१ मध्ये: टेट्राएथिल लेड, शिशाचं एक संयुग, ज्याचे काही थेंब पुरतात. अल्कोहोल कुणीही गाळू शकतं, त्याचं पेटंट कसलं घेणार? आणि मिसळायचं तर भरपूर मिसळावं लागतं. शिसं स्वस्त, थोडंसं पुरणारं आणि मालकीचं. १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइलने एथिल कॉर्पोरेशन काढली, केटरिंग तिचा अध्यक्ष. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या कारखान्यात ह्या विषाने पाच कामगार दगावले. तरी शिसं राहिलं. आपल्याकडे ते संपूर्ण देशातून २००० साली गेलं, जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियातून, २०२१ मध्ये. मामांची गाडी तरुण होती तेव्हा त्याच पेट्रोलवर धावली.

दुसरा बदल म्हणजे १९२१ च्या शर्यतीत हरलेला उपाय परत आला. आपल्याकडे पॉवर अल्कोहोलचा कायदा १९४८ सालीच झाला होता. पण आजच्या कार्यक्रमाची सुरुवात २००१ मध्ये प्रायोगिक प्रकल्पांनी झाली, त्यातले दोन महाराष्ट्रातले: मिरज आणि मनमाड. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल, २०२२ मध्ये दहा टक्के, आणि वीस टक्क्यांचं २०३० चं लक्ष्य अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठलं. आता मका आणि तांदळापासूनही इथेनॉल होतं, पण महाराष्ट्रात पहिलं नाव उसाचं.

आणि ऊस ह्या भागात कसा आला? कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी: माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. मूळचं आंबेगाव, ज्याच्या नावाचा तालुका आहे, ते डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी कारखाने उभे राहिले. मामांचा ऊसही कारखान्याला जातो.

इथेनॉल वाईट नाही. ठोके थांबवण्यात ते पक्कं आहे, आणि कारखान्याला साखरेखेरीज पैसा मिळतो. पण त्याचे तीन गुण जुन्या गाडीला जड जातात. ते चांगलं द्रावक आहे: टाकीच्या भिंतींवर चौदा वर्षं बसलेलं व्हार्निश त्याने सोडवलं आणि जेटमध्ये आणून टाकलं. जुन्या प्रकारचं रबर त्याने मऊ पडतं. आणि ते पाणी ओढतं. शिवाय त्याला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हे ओळखून मिश्रण जुळवून घेतो. हेरल्डच्या जेटचं भोक मात्र साठच्या दशकातल्या पेट्रोलसाठी पाडलेलं. ते काय जुळवून घेणार?

हे सगळं मामांना सांगितलं, तर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी आपल्याच उसानं बाधली व्हय तिला?"

मिस्त्रीने टाकी आतून धुऊन घेतली, नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवले, मध्ये पारदर्शक फिल्टर टाकला, म्हणजे कचरा आधी डोळ्यांना दिसेल. जेट किंचित मोठा केला. सगळा खर्च एका बऱ्या मोबाइलपेक्षा कमी.

तुमच्याही घरी, गावी, कुणाच्या शेडमध्ये अशी एखादी गाडी असेल, तर इंजिन उघडण्याआधी ती कुठल्या साली उभी केली ते विचारा, आणि त्या सालानंतर पंपावर काय बदललं ते बघा. पुन्हा उभी करायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, बॅटरीची वायर काढा, आणि दर महिन्याला हँडल चार वेळा फिरवा. शंभर वर्षांपूर्वी एक निवड झाली, ती ऐंशी वर्षांनी आपण उलटवली, आणि वीस टक्क्यांवरच सगळं थांबेल असं काही नाही. फिल्टर पारदर्शकच ठेवा :)