जंगलाची वही कुणाच्या हातात?



आखाजीला लेकी माहेरी आल्या की पहिल्यांदा झोक्यासाठी झाड शोधतात. आमच्या अमळनेर तालुक्यातल्या काही गावांत आता झोका लोखंडी पाइपाला बांधावा लागतो. दोन दोर आणि चार मुली पेलेल अशी फांदीच जवळपास उरलेली नाही. यंदा आखाजीच्या आधी एका गावातल्या आमच्या गटांची एकत्र बैठक होती. बचत, कर्ज, परतफेड झाली आणि विषय निघाला गायरानाचा. गायरान पाच वर्षं राखायचं, कुऱ्हाड बंद, चराई बंद, असा ठराव ग्रामसभेत मांडू या, असं बहुतेकींचं मत पडलं. तेव्हा मागे बसलेली एक ताई उठली. तिला जमीन नाही, चार शेळ्या आहेत. ती म्हणाली, "तुमच्या चुलीला शेतातली पऱ्हाटी आहे. मी सरपण कुठून आणू? शेळ्या कुठे नेऊ?"

बैठक तिथेच थांबली. कुणापाशी उत्तर नव्हतं. मग आम्ही ठरवलं, आधी थोडं मागे जाऊन बघू. जंगल राखण्याचे प्रयत्न आपल्याआधी कुणी केले, काय जमलं, काय फसलं, हे समजून घेऊ आणि मगच ठराव लिहू. त्या वाचनातून जे हाती आलं, ते आज तुम्हाला सांगतो आहोत.

मुद्दल आणि व्याज यांतला फरक गटातल्या बाईला शिकवावा लागत नाही. मुद्दल शाबूत ठेवायचं आणि वाढीवर भागवायचं. जंगलाचं सरकारी शास्त्रही याच हिशेबावर उभं राहिलं. आपल्या मुंबई इलाख्यात त्याची सुरुवात 1847 साली झाली. अलेक्झांडर गिब्सन हे डॉक्टर होते आणि पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. त्यांना इलाख्याच्या जंगलांचे संरक्षक नेमलं गेलं. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, असं ते तेव्हाच सरकारला कळवत होते.

पुढे 1864 मध्ये साऱ्या देशासाठी वनखातं झालं आणि डीट्रिच ब्रँडिस या जर्मन माणसाकडे ते सोपवलं गेलं. ब्रँडिस त्याआधी ब्रह्मदेशात सागाची मोजणी करत. हातात लाकडाचे तुकडे घेऊन ते जंगलातून जात आणि दिसेल त्या प्रत्येक सागासाठी, त्याच्या जाडीप्रमाणे, वेगळ्या तुकड्यावर खाच पाडत. एका वर्षात जितकी झाडं जाड होऊन पहिल्या प्रतीत येतील तितकीच तोडायची, असा त्यांचा हिशेब होता. आपल्या आज्या भिंतीवर रेघा ओढून दुधाचा हिशेब ठेवत, त्यातलाच हा प्रकार.

हिशेब चांगला होता. पण वहीत काय लिहिलं जातं आणि काय सुटतं, यावर सगळं अवलंबून असतं. तो काळ रेल्वेचा होता. 1860 च्या दशकात आपल्या खान्देशातूनही रूळ गेले. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत, इमारतींना लाकूड लागे, म्हणून साग वहीत पहिल्या ओळीवर आला. सातपुड्यातला अंजन, ज्याचा पाला गुरं खातात आणि ज्याच्या सालीचे दोर होतात, तो मागे पडला. मोहाची फुलं, चारोळी, टेंभुर्णी, गवत, रानभाजी आणि डोक्यावरची मोळी या गोष्टींना तर त्या वहीत जवळपास जागाच नव्हती. म्हणजे बाईच्या हाताने घरात येणारं जे काही होतं, ते बहुतेक सगळं हिशेबाबाहेर राहिलं.

1865 साली पहिला वन कायदा आला, 1878 साली दुसरा, अधिक कडक. त्यात जंगलाचे तीन प्रकार केले होते: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. संरक्षित जंगलातही बंधनं आली. पिढ्यान् पिढ्या जे हक्क म्हणून चालत होतं, ते कागदावर सवलत झालं. आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. तिसरा प्रकार, म्हणजे गावाने सांभाळायचं ग्रामवन, तो कायद्याच्या पुस्तकात राहिला आणि जमिनीवर क्वचितच उतरला. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात या जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत. आसपासच्या डोंगरात गुरं चारून, पानं-फळं-जळण आणून गरीब शेतकऱ्याचं भागत होतं, तो आधार खात्याने काढून घेतला, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. आमच्या बैठकीतल्या ताईचा प्रश्न एकशे चाळीस वर्षं जुना आहे, हे ते वाचताना कळलं.

स्वातंत्र्यानंतरही वही त्याच हातात राहिली. 1952 च्या राष्ट्रीय वननीतीत, गाव जंगलाजवळ आहे एवढ्याच कारणाने त्या जंगलाच्या लाभावर देशाचा जो हक्क आहे तो कमी होत नाही, अशा अर्थाचं वाक्य आहे. देशाची एक तृतीयांश जमीन वनाखाली असावी असं ध्येयही त्याच नीतीत ठरलं. पण ज्यांच्या दारात जंगल होतं, त्यांना ते आपलं वाटेनासं झालं होतं. ज्या वस्तूत आपला वाटा नाही ती कोण जपणार?

हा प्रश्न एका वन अधिकाऱ्याने प्रयोग म्हणून हाती घेतला. बंगालमधल्या मेदिनीपूर जिल्ह्यात आराबारी नावाची जागा आहे. तिथे अजित बॅनर्जी सालवृक्षांवर संशोधन करत होते आणि लोक त्यांच्याच प्रयोगाची झाडं तोडून नेत होते. पहारा वाढवण्याऐवजी ते आसपासच्या 11 गावांशी बोलले. 1972 च्या सुमारास तोंडी करार झाला: सुमारे 1,272 हेक्टर जंगल 618 कुटुंबांनी राखायचं, त्यांना तिथे काम मिळेल, जळण मिळेल आणि पुढे झाडं विकली तर 25 टक्के वाटा मिळेल. साल पूर्वी तोडला होता, पण मुळं जिवंत होती. कुऱ्हाड आणि चराई थांबली तशी खुंटांना फूट आली आणि काही वर्षांत जंगल उभं राहिलं. 1987 मध्ये गावकऱ्यांना त्यांचा वाटा खरोखर मिळाला.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आमची गेल्या पावसाळ्यातली फजिती आठवली. आम्ही गायरानात हौसेने रोपं लावली होती. फोटो काढले, नारळ फोडला. चैत्र-वैशाखाच्या उन्हात बहुतेक सगळी वाळली. आराबारीची गोष्ट वाचून आम्ही पुन्हा त्याच गायरानात गेलो आणि या वेळी खाली बघत चाललो. निंब, पळस, हिवर, बोर यांचे खुंट होते आणि कितीतरी खुंटांना वीतभर फूट आलेली होती. दर वर्षी ती येते आणि दर वर्षी शेळी खाते, नाहीतर विळा नेतो. आम्ही नव्या रोपांसाठी खड्डे खणत होतो आणि जमिनीखालचं जुनं मुद्दल आम्हाला दिसलंच नव्हतं.

असंच न दिसल्याची आणखी एक गोष्ट सांगतो. पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात बांबूचा अभ्यास केला. कागद कारखान्यासाठी तोड सुरू झाल्यापासून बांबूची बेटं खराब होत होती आणि दोष गावकऱ्यांच्या चराईला दिला जात होता. गाडगीळ बेटं मोजत राहिले आणि गावकऱ्यांचं ऐकतही राहिले. बांबूच्या बुंध्याशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. तोड सोपी व्हावी, बेट स्वच्छ राहावं, म्हणून ते साफ करण्याची पद्धत होती. पण ते काटेच कोवळ्या कोंबांचं कुंपण होतं. कुंपण गेलं आणि गुरांनी, वानरांनी कोंब फस्त केले. गावकऱ्यांना हे आधीपासून माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

हळूहळू सरकारी कागदही बदलला. 1988 च्या वननीतीने गावाच्या जळण-चाऱ्याची गरज मान्य केली आणि वनसंवर्धनाच्या चळवळीत स्त्रियांचा सहभाग हवा असं लिहिलं. 1990 मध्ये केंद्राने संयुक्त वन व्यवस्थापनाचं परिपत्रक काढलं, 1992 मध्ये महाराष्ट्राने निर्णय केला.

त्याच सुमाराला आपल्याच खान्देशात, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, बारीपाडा नावाच्या आदिवासी पाड्याने जंगल राखायला घेतलं. चैत्राम पवार हा गावचा एम. कॉम. झालेला मुलगा. नोकरीची वाट सोडून तो गावात राहिला. गावाने मिळून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, तोडणाऱ्याला दंड लावला, राखणदार नेमले, दगडाचे बांध घातले. जवळपास 1,100 एकर जंगल परत आलं. ज्या पाड्यातल्या बायका पाण्यासाठी वणवण करत होत्या, तिथल्या विहिरींना पाणी टिकू लागलं. 2025 मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या खान्देशाला आनंद झाला.

आमच्या मनात मात्र बारीपाड्याची दुसरी गोष्ट बसली आहे. 2004 पासून तिथे पावसाळ्यात रानभाज्यांची स्पर्धा भरते. बायका रानातून भाज्या आणतात, रांधतात, ताटं मांडतात आणि कोणती भाजी, कुठे मिळते, कशी शिजवायची, कशासाठी चांगली, ते सांगतात. शंभरावर प्रकार तिथे मांडले जातात. ब्रँडिसच्या लाकडी तुकड्यावर ज्याची खाच कधी पडली नाही, त्याची ही मोजणी आहे, आणि ती करणाऱ्या बायका आहेत. जंगल वाढलं की नाही हे आता त्यांनाही त्यांच्या मापाने सांगता येतं.

मग ताईच्या प्रश्नाचं काय? गाव मिळून बंदी करतं तेव्हाही त्या बंदीचा भार कुणावर पडतो, यावर अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी अभ्यास केला आहे. त्यांनी आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या आणि नेपाळमधल्या 135 वनसमित्या तपासल्या आणि 2010 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जंगल बंद झालं की सरपणासाठी बायकांची पायपीट वाढते. जिला शेत नाही, गोठा नाही, तिची सगळ्यात जास्त. अशा बाईला नाइलाजाने चोरून जावं लागतं आणि पकडली जाते तीच. पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट निघाली. ज्या समित्यांत बायका जास्त होत्या, विशेषतः वयाने मोठ्या बायका होत्या, तिथे जंगलाची स्थिती अधिक सुधारली. राखण चांगली झाली, भांडणं मिटली, आणि कोणतं झाड कसं फुटतं हे बायकांचं ज्ञान उपयोगी पडलं. बाई बैठकीत नुसती बसून चालत नाही, नियम ठरताना ती हवी.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने आयुष्यभर हाच विषय अभ्यासला: गावाची सामाईक मालमत्ता कुठे टिकते आणि कुठे बुडते. 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री. टिकलेल्या ठिकाणी तिला काय दिसलं? हद्द ठरलेली, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, लक्ष ठेवणारे आपल्यातलेच, पहिल्या चुकीला लहान दंड, भांडण मिटवायला जवळची जागा. मैत्रिणींनो, यातलं नवीन काय आहे? नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही आपली पंचसूत्री त्याच घरातली आहे.

हे सगळं घेऊन आम्ही पुन्हा बैठकीला बसलो. ठराव बदलला. गायरानाचे तीन भाग करायचे. एक भाग बंद, दोन उघडे, आणि खुंटांची फूट शेळीच्या तोंडावर गेली की पुढचा भाग बंद. बंद भागातलं गवत विळ्याने कापून नेता येईल, गुरं आत सोडायची नाहीत. सुकी काटकी आठवड्यातले दोन दिवस आणता येईल, आणि त्यात पहिला मान ज्यांना शेत नाही त्यांचा. नवी रोपं लावण्याआधी खुंट मोजायचे. आणि चार शेळ्या असलेली ती ताई समितीत आली आहे. गायरानात फिरणं तिचंच जास्त, म्हणून खुंटांची वही तिच्याकडे दिली. ती लिहीत नाही. तिची सातवीतली मुलगी लिहिते आणि ती सांगते.

ठराव अजून ग्रामसभेत व्हायचा आहे. काही पुरुष मंडळींना चराईचं पटलेलं नाही, आणि एका मोठ्या कळपवाल्याने तर सरळ नाही म्हटलं आहे. आम्ही त्याच्याकडे पुन्हा जाणार आहोत, आणि जाताना ताईलाही बरोबर नेणार आहोत. वहीच्या पहिल्या पानावर आत्ता 212 खुंट आहेत. तुमच्या गावच्या गायरानात किती आहेत, ते या आठवड्यात एकदा जाऊन मोजा. पाऊस पडायच्या आत मोजा, नंतर गवतात ते दिसत नाहीत.